सबनीसचा आकडा आणि माझा कान

दोन हजार तेवीस साल. माझं वय एकाहत्तर. एक दिवस सकाळी मी गॅलरीत तोंड धूत होतो, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून सबनीस वाकला आणि म्हणाला, "म्हात्रे, कालपासून एकवीस वेळा खोकलात. डॉक्टरला दाखवा."

मी म्हटलं, "साहेब, मी दोनदा खोकलो असेन. बाकीच्या गुळण्या होत्या."

"आवाज झाला ना? मग मी धरला. बारीकसारीक सुटता कामा नये."

आता अशा माणसाला काय सांगायचं? मी चूळसुद्धा चोरून भरायला लागलो.

वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर मी आणि आमची बायको, आणि बरोब्बर आमच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर सबनीस. तोंडावर मी त्याला साहेब म्हणतो, कारण तो शिकलेला आहे आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे. पाठीमागे एकेरी म्हणतो, कारण त्याने मला फार छळलंय. हे लिखाण त्याच्या पाठीमागचं आहे.

सबनीस पस्तीस वर्षं एका कंपनीत मोजमापाची यंत्रं तपासायच्या खोलीत होता. म्हणजे दुसरी माणसं यंत्राने मोजणार आणि हा ते यंत्र बरोबर मोजतंय का ते मोजणार. कंपनी बंद पडली तेव्हा लोकांनी पंखे नेले, कपाटं नेली, टेबलं नेली. सबनीसने भंगारातून तीन फ्रिक्वेन्सी काउंटर उचलून आणले. पाटाएवढा लोखंडी डबा, पुढे तांबडे आकडे आणि चार-पाच बटणं. वीज एका सेकंदात किती वेळा वर-खाली होते ते हा डबा मोजतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा होते. हे मला आधीपासून ठाऊक होतं, त्यासाठी सबनीस लागला नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. बाप मिठागरावर होता, मीही दहाव्या वर्षी फावडं धरलं. पुढे मिठागरं गेली आणि मी खोपटला, डेपोच्या मागे एका गॅरेजात, डिझेल इंजिनं शिकलो. उस्ताद बहिरा होता. तो इंजिनाला हात लावून सांगायचा आणि मी कान लावून. तिथून पुढे आजतागायत इंजिनाने माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवत नाही. आमच्या सोसायटीत जनरेटर आला त्या दिवसापासून तो माझ्या ताब्यात आहे. पोरं सांगतात, बाबा, आता बस करा. मी सांगतो, तुमच्या बिल्डिंगमध्ये लाईट गेल्यावर कोण येतो ते बघा, मग बोला.

सबनीसला माझा कान मान्य नव्हता. त्याला कुणाचाच कान मान्य नव्हता. दूधवाला म्हणाला, दूध घट्ट आहे, तर सबनीस विचारणार, "आकडा काय म्हणतो?" आमची बायको म्हणाली, आज फार उकडतंय, तर हा जिन्यातून, "आकडा काय म्हणतो, वहिनी?" एकदा आमच्याच मजल्यावर बारसं होतं. बाळाचं नाव सांगायच्या आधी बाळ किती वेळा रडलं ते याने सांगितलं. त्यातही बाळाची मावशी हसली होती ते रडण्यात धरलं होतं.

आणि त्याच्या दारावरून नुसतं जायची सोय नाही. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर जाताय, तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण पायरी वाजली की दार उघडणार. "कोण? म्हात्रे? या." मी म्हणायचो, टाकी बघायला चाललोय. तो म्हणायचा, "मला वाटलं इकडेच." वर्षातून दोनशे वेळा त्याला वाटलं असेल इकडेच. लिफ्टमध्ये मी बसत नाही, म्हणून टाकीला जायचं म्हटलं की मी जिन्याने चपला हातात घेऊन जायचो, एकाहत्तराव्या वर्षी, चोरासारखा.

त्या वर्षी एका मंगळवारी दुपारी लाईट गेलेली. मी जनरेटर लावला, पाच मिनिटं बरा चालला, आणि लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकली. आत राणेबाईंची सासू. राणेबाई आमच्या सेक्रेटरी. सासू वीस मिनिटं आत होत्या आणि त्या वीस मिनिटांत त्यांनी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा रामरक्षेचा पाठ केला. लिफ्टवाला माणूस आला, लिफ्टचा कंट्रोलचा डबा उघडून वरवर बघितलं, म्हणाला, "कार्ड जळलंय. जनरेटरची फ्रिक्वेन्सी जास्त असणार. कोण चालवतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

राणेबाई वाईट नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमच्यावर आरोप नाही. पण आता वय झालं. ऑटोमॅटिक पॅनल बसवू, लाईट गेली की आपोआप चालू होईल. तुम्हाला उठबस नको."

मी म्हटलं, "इंजिन बरोबर चालतंय. रिकामं बावन्न, पंप आणि लिफ्ट लागली की पन्नास. माझ्या कानाला कळतं."

"काका, कानावर कमिटी कशी चालवायची?"

आणि तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "आकडा काय म्हणतो ते बघू या ना."

असा आवाज जगात एकच आहे. राणेबाईंना पटलं. सबनीस साहेबांनी मोजायचं, रविवारी सकाळी दहा वाजता मीटिंगमध्ये आकडा सांगायचा. पन्नासच्या आसपास असेल तर म्हात्रे राहतील. नसेल तर जनरेटरच्या खोलीची चावी कमिटीकडे द्यायची.

माझं नशीब बघा. पन्नास वर्षांच्या कानाचा निकाल लावायला माणूस कोण मिळाला, तर गुळणीला खोकला समजणारा.

गुरुवारी दुपारी सबनीस आला. काउंटर जुन्या चादरीत गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा. जनरेटरची खोली कंपाउंडच्या मागच्या भिंतीला लागून आहे, तिथे दोन माणसं उभी राहिली की तिसरं डिझेलचं पिंप. सबनीसने वायरी काढल्या, मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावला, काउंटरचं एक बटण उजवीकडे गच्च पिळलं आणि म्हणाला, "सेन्सिटिव्हिटी पूर्ण. घरी माझी हीच शिस्त. बारीकसारीक सुटता कामा नये. हं, लावा."

मी इंजिन लावलं. पंप चालू केला. इंजिन गुरगुरलं, बसलं, एका लयीत आलं. पन्नास. मी डोळे मिटून शपथेवर सांगितलं असतं.

सबनीस म्हणाला, "अडुसष्ट."

मी डोळे उघडले.

"त्र्याण्णव," सबनीस म्हणाला. "एकशेसात. एक्याऐंशी."

मी म्हटलं, "साहेब, एकशेसातवर हे इंजिन फिरलं असतं ना, तर आतापर्यंत गच्चीवर जाऊन बसलं असतं. तुम्ही आणि मी खाडीपलीकडे कळव्याला सापडलो असतो."

"मलाही कळतंय की ते अशक्य आहे."

"मग?"

"पण ते अशक्य आहे असं आकड्याने म्हणायला हवं. मी म्हणून चालत नाही." आणि वहीत लिहिलं, गुरुवार, एकशेसात.

त्या रात्री मी जेवलो नाही. आमची बायको म्हणाली, "जेवा. तो डबा काय तुमचा जेवन मोजीत नाय."

शुक्रवारी पुन्हा. आता माझा पारा चढलेला. मी इंजिन लावलं, पंप लावला आणि दारात उभा राहिलो. आत सबनीस आकडे वाचतोय, शहाऐंशी, एकशेचौदा, बाहेर मी बडबडतोय. तो म्हणाला, "म्हात्रे, यंत्राला राग-लोभ नसतो. लाट किती वेळा आली तेवढंच ते मोजतं."

लाट म्हटल्यावर माझं डोकं सटकलं. लाटा मला शिकवतो. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही भरती कधी मोजलीय? माझ्या बापाने मोजलीय. बांधाच्या उघाडीशी, जिथून खाडीचं पाणी आत घ्यायचं, तिथे एक बांबू रोवलेला. त्याला दोन खुणा. एक वर, एक खाली. पाणी वरच्या खुणेच्या वर गेलं पाहिजे आणि मग खालच्या खुणेच्या खाली उतरलं पाहिजे. तेव्हा एक भरती झाली. मधल्या मधे पाणी डुचमळतं, होडी गेली की हलतं, वाऱ्याने हलतं, ते बाप मोजायचा नाही. एकच खूण ठेवली असती ना, तर वारा सुटल्यावर दिवसाला शंभर भरत्या झाल्या असत्या. तुमचा डबा तेच करतोय. पाणी डुचमळलं की भरती म्हणतोय. माझा बाप अंगठाछाप होता, पण त्याला भरती आणि डुचमळ यांतला फरक कळत होता."

सबनीसने आकडे वाचायचे थांबवले. पहिल्यांदाच. त्याने माझ्याकडे बघितलं, मग काउंटरकडे, मग पंपाच्या वायरीकडे. पंपाला गेल्या वर्षी नवीन इलेक्ट्रॉनिक स्टार्टर बसवलाय, तो लागला की विजेत बारीक कुरकुर येते हे मलासुद्धा माहीत आहे, रेडिओ लावला की ऐकू येते. मला वाटलं, बापाचं नाव काढलं म्हणून राग आला असेल. येऊ दे. मी तसाच बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. आत अर्धा तास खुडबूड चालली होती. मग सबनीस बाहेर आला, वही छातीशी धरून, आणि म्हणाला, "उद्या पुन्हा घ्यावं लागेल."

"आज काय आलं?"

"उद्या नक्की सांगतो."

शनिवारी तर त्याने कहर केला. सकाळी नऊला आला, काउंटरचं तोंड स्वतःकडे वळवून उभा राहिला आणि आकडा एकदाही मोठ्याने वाचला नाही. इंजिन गार असताना घेऊ या. मग गरम झाल्यावर घेऊ या. मग पंपाशिवाय. मग पंपासकट. मधे आमच्या बायकोने चहा आणला. दोन वेळा. सबनीस चहा पीत मला विचारतो, "म्हात्रे, मीठ पिकायला किती दिवस लागतात?" माझी चावी जायची पाळी आलीय आणि याला मीठ सुचतंय. मी तुटक सांगितलं. तो विचारतो, "आणि पाऊस अवचित आला तर?" मी म्हटलं, "विरघळतं, दुसरं काय." "मग पुन्हा पहिल्यापासून?" "मग काय साहेब, आकडा विचारू का मिठाला?" तर हा हसला. मला हसणारा सबनीस आवडला नाही. शेवटी चार वाजता मीच इंजिन बंद केलं, डिझेल संपेल म्हणून.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "मुद्दाम करतोय. मला उद्या सगळ्यांसमोर उघडं पाडणार."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "एकलाच हाय तो. चाय पितंय, बोलतंय. तुमचा काय जातंय?"

"चावी जातेय."

"चावी गेली तं गेली. घरान बसा."

अशी बायको असल्यावर शत्रूची गरज काय.

रविवारी दहा वाजता गच्चीखालच्या पॅसेजमध्ये मीटिंग. मी चावी खिशात घेऊन गेलेलो. कुणी मागायच्या आधी आपण काढून टेबलावर ठेवायची, असं ठरवून. राणेबाई म्हणाल्या, "सबनीस काका, सांगा."

सबनीस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. वही उघडली.

"जनरेटर रिकामा असताना एक्कावन्न पूर्णांक आठ. पंप लावल्यावर पन्नास पूर्णांक एक. इंजिन उत्तम आहे."

माझा हात खिशातच राहिला.

राणेबाई म्हणाल्या, "पण तुम्हीच गुरुवारी मला एकशेसात म्हणालात."

"ती चूक माझी." त्याने वहीतल्या एकशेसातवर बोट ठेवलं. "मी सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवली होती. पंपाच्या स्टार्टरची कुरकुर विजेच्या लाटेवर बसते आणि एकच लाट काउंटर कधी दोनदा, कधी तीनदा मोजत होता. लाट खुणेच्या वर गेली, खाली आली, की एक धरायचं. मधलं डुचमळणं धरायचं नाही. हे मी माझ्या हाताखालच्या मुलांना पस्तीस वर्षं शिकवलं आणि स्वतः बटण पिळून बसलो. म्हात्रे सांगत होते ते आकड्यानिशी बरोबर आहे. रिकामं बावन्न, लोडवर पन्नास. माझ्या यंत्राला तीन दिवस लागले."

कुणीतरी विचारलं, मग कार्ड जळलं कशाने. लिफ्टवाल्याला पुन्हा बोलावलं होतं, तो म्हणाला, डबा पूर्ण उघडला तर आत पाल जळून चिकटलेली होती. राणेबाईंच्या सासूबाई मागून म्हणाल्या, "मग मी पालीबरोबर होते होय वीस मिनिटं." आणि मीटिंग तिथेच संपली. राणेबाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "काका, चावी तुमच्याकडेच राहू दे. जरा ही वही झेरॉक्स करून आणता का? रेकॉर्डला लागेल."

आता मी चौथीपर्यंत शिकलोय. वाचायला वेळ लागतो, पण वाचतो. झेरॉक्सच्या दुकानात रांग होती म्हणून वही उघडली. सबनीसचं अक्षर छापल्यासारखं. गुरुवार, एकशेसात. शुक्रवार, शहाऐंशी, एकशेचौदा. त्याच्याखाली एक रेघ. आणि रेघेखाली: शुक्रवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. सेन्सिटिव्हिटी कमी, ट्रिगर लेव्हल बदलली. पन्नास पूर्णांक एक. कंसात लिहिलं होतं, म्हात्रेंचा बांबू.

शुक्रवार. शनिवार नाही, रविवार नाही.

मी तो आकडा बोट ठेवून तीनदा वाचला. म्हणजे मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो तेव्हाच याला कळलेलं. आणि तरी शनिवारचा अख्खा दिवस मला नाचवलं. दोन रात्री मी छताकडे बघत काढल्या, ज्या छतावर हा झोपला होता.

झेरॉक्स तशीच राहिली. मी जिना चढलो, या वेळी चपला वाजवत. दार नेहमीप्रमाणे आधीच उघडलं.

"कोण? म्हात्रे? या."

मी वही त्याच्या तोंडासमोर धरली. "शुक्रवार, चार वीस. हे काय आहे?"

त्याने चष्मा लावला, काढला. "खरं आहे."

"मग शुक्रवारी का नाही सांगितलं? माझा जीव टांगणीला लागलाय, घास उतरत नाही, आणि तुम्ही मिठाच्या चौकशा करताय?"

तो खालमानेने उभा. मी त्याच्या घरात त्याआधी कधी आत गेलो नव्हतो, दारातूनच पळायचो. त्या दिवशी रागाच्या भरात आत शिरलेलो. भिंतीशी टेबल, टेबलावर दुसरे दोन काउंटर. एकाला काहीच जोडलेलं नव्हतं. नुसती वायर, टोक उघडं, टेबलावरून खाली लोंबत होती. तरी तांबडे आकडे धडाधड बदलत होते. सात, चारशे बारा, नव्वद, शून्य, तीन हजार.

मला राग होता, तरी विचारलं, कारण यंत्र आहे. "हे काय मोजतंय?"

"काही नाही. इनपुट उघडं आहे. हवेतलं जे येतं ते पकडतं. सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवलीय म्हणून."

"मग बंद का नाही करत?"

"बंद केलं की घरात काही हलत नाही," सबनीस म्हणाला.

बायको जाऊन त्याला अकरा वर्षं झालेली. हे मला माहीत होतं, पण माहीत असण्याचं मी काही केलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी शुक्रवारचं विचारतोय."

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. म्हणाला, "शुक्रवारी सांगितलं असतं तर शनिवारी तुम्ही माझ्याशी बोलला असतात का?"

तोंडात शिवी आली. ती गिळली. उत्तर त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हटलं, "असं दुसऱ्याच्या जिवावर उठून करतात का, साहेब? तोंड नाही का दिलं देवाने? खाली येऊन बसायचं."

"किती वेळा बोलावलं तुम्हाला."

"मी नाही म्हटलं तर अजून एकदा बोलवायचं." हे मी ओरडलो. का ओरडलो माहीत नाही. आणि वही तिथेच टाकून खाली आलो. बायकोने विचारलं काय झालं, तर तिच्यावरही ओरडलो.

राग अजून गेलेला नाही, हे मी लिहून ठेवतो. दोन रात्रींची झोप आहे ती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी सकाळी सात वाजता जनरेटर दहा मिनिटं रिकामा चालवायचा, ही माझी पद्धत. मी सहालाच उठलो. घरातली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, कंपाउंडमधून मागे नेली, डिझेलचं पिंप भिंतीशी सरकवून जागा केली आणि ती आत ठेवली. मग वर जाऊन सबनीसला म्हटलं, "चला. तो डबा घेऊ नका."